नको असलेल्या नोकरीत, नको असलेल्या गावी देवाचा हेतू कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले, बँकेची परीक्षा देऊन क्लार्क झालात आणि पोस्टिंग मिळालं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दिवसभर पासबुकं छापायची आणि रांग आवरायची. पुण्यात तुम्ही चर्चचा तरुण संघ चालवत होतात, इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. ‘देवाने मला इथे कशासाठी आणलं, कळत नाही. आणि बदलीसाठी प्रार्थना करायची तर तो अविश्वास तर नाही ना?’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी नगर जिल्ह्यातली, बँकेतलीच. प्रमोशनबरोबर नंदुरबारची बदली आली तेव्हा मुलं शाळेत होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आता धुळ्यात आहे, म्हणजे खानदेश काही सुटला नाही. त्यामुळे लिहिते आहे ते वाचून नाही, काउंटरवर बसून कळलेलं.

पहिली गोष्ट, ‘कशासाठी’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. बायबलमधल्या योसेफालाही त्याचं उत्तर वेळेवर मिळालं नव्हतं. सतराव्या वर्षी भावांकडून विकला गेला, तिसाव्या वर्षी फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला. मधल्या तेरा वर्षांत देवाने त्याला ‘हे मी अमुक कारणासाठी करतोय’ असं सांगितल्याचं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही नाही. देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं, हे तो भावांना सांगतो ते पार शेवटी, मागे वळून बघताना. पण चाळिसाव्या अध्यायात एक छोटं वचन आहे, त्यावरून आपण भरभर पुढे जातो. तुरुंगात सकाळी तो फारोच्या दोन सेवकांकडे येतो, जे त्याच्यासारखेच कैदी आहेत, आणि विचारतो, आज तुमचे चेहरे असे उतरलेले का? स्वतः निरपराध, परक्या देशात, कोठडीत. आणि त्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. पुढचं सगळं, त्यांच्या स्वप्नांचा अर्थ, मग फारोचं स्वप्न, धान्याची कोठारं, या प्रश्नातून निघालं. त्या सकाळी योसेफाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हेतू शोधत बसू नका, चेहरे बघा. तुमच्या काउंटरवर ते रोज येतात.

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. वारा सुटला की शाखेतसुद्धा ठसका लागतो. त्या पथाऱ्यांवर बाया दिवसभर मिरचीचे देठ मोडतात. हाताची आग होते, कातडी निघते आणि बोटांवरच्या रेषा जातात. मग अशी एखादी आजी निराधार योजनेचे पैसे काढायला येते, मशीनवर अंगठा ठेवते आणि मशीन म्हणतं जुळत नाही. पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. मागची रांग कुरकुरायला लागते. आजी आपला अंगठा लुगड्याला पुसते आणि चूक आपलीच असल्यासारखी खाली बघते.

हा क्षण तुमचा आहे. दहाही बोटं लावून बघा, बहुतेक वेळा करंगळी किंवा अनामिका चालते, कारण कामात तिचा वापर कमी असतो. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायला सांगा, बोट फार रखरखीत असेल तर किंचित तेल लावून पुसायला सांगा. तरीही नाही लागलं आणि खातं तुमच्याच शाखेतलं असेल, तर विड्रॉल स्लिपवर अंगठा घेऊन, फोटो आणि ओळख पडताळून पैसे देता येतात. त्यासाठी फक्त कुणीतरी खुर्चीवरून उठून अधिकाऱ्याकडे जावं लागतं. कुणी उठलं नाही तर ती आजी ‘उद्या या’ ऐकून परत जाते. त्या एका वाक्याने तिची दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं जातं. कोणतं बोट चालतं ते पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायची सवय मला नंदुरबारलाच लागली. पुढच्या महिन्यात समोर कुणीही बसलेलं असलं तरी तिचे हाल होत नाहीत.

आणखी एक. बँकेबाहेर दहा-वीस रुपये घेऊन स्लिप भरून देणारे असतात आणि कधी कधी रक्कमही तेच ठरवतात. तुम्ही ‘किती काढायचे आजी?’ असं स्वतः विचारलंत आणि नोटा तिच्यासमोर मोजून तिच्याच हातात दिल्यात, तर तो न्यायच आहे. संदेष्टे ज्या विधवांबद्दल आणि गरिबांबद्दल इतकं कळवळून बोलतात, त्या तुमच्या खिडकीशी उभ्या आहेत. तरुण संघात आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, इथे त्यांची नावं आणि खाते क्रमांक तुमच्यासमोर असतात.

मात्र काउंटरवर धर्माचं बोलू नका. ती माणसं आपल्या हक्काच्या पैशासाठी आलेली असतात आणि तुमच्या खुर्चीला अधिकार असतो. त्या अधिकाराच्या आडून सांगितलेली सुवार्ता ही सुवार्ता राहत नाही. कुणी आपणहून विचारलं, तर सुट्टीच्या वेळात, चहाच्या टपरीवर मोकळेपणाने सांगा.

आता यिर्मया संदेष्ट्याचं. एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाचे संकल्प हिताचे आहेत ते, आपल्या निम्म्या घरांतल्या कॅलेंडरवर असतं. पण ते एका पत्रातलं आहे आणि पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूद्यांना लिहिलेलं आहे. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं संपेल, परत याल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो सत्तर वर्षं. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा. बॅग न उघडता बसलेल्या माणसांना लिहिलेलं पत्र आहे ते. तुम्ही खोलीत गादी आणि एक पातेलं एवढ्यावरच राहत असाल, तर आधी नीट संसार मांडा. शेजाऱ्यांची नावं माहीत करून घ्या. चार वाक्यं अहिराणी शिका, डोंगराकडची शाखा असेल तर भिली किंवा पावरी. दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला का जातात आणि होळीला का परततात, हे समजून घ्या. म्हणजे खाती अचानक का थंडावतात आणि अचानक रांग का वाढते, तेही कळेल.

एका वचनाबद्दल मात्र मला राग येतो, म्हणजे ते ज्या तऱ्हेने वापरलं जातं त्याचा. ‘जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.’ कलस्सैच्या पत्रात प्रेषित पौल हे दासांना उद्देशून लिहितो आणि लगेच पुढे धन्यांना बजावतो की तुमचाही धनी स्वर्गात आहे. आपल्याकडे पहिला भाग ऐकवला जातो आणि दुसरा गाळला जातो. तुमच्या शाखेत कुणी तुम्हाला रात्री नऊपर्यंत विनाकारण बसवत असेल, अपमान करत असेल, तर ते निमूट सोसणं म्हणजे प्रभूची सेवा असं समजू नका. लेखी कळवा, युनियनशी बोला.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी तुम्हाला माहीत असेल. 1793 मध्ये तो भारतात आला तो सुवार्तेसाठी. पैसे संपले आणि 1794 मध्ये बंगालमध्ये मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरावी लागली. त्या कामासाठी तो आला नव्हता. तिथे राहून मजुरांची बोली त्याच्या कानात बसली, भाषांतर पुढे सरकलं. 1800 मध्ये तो बंगालमधल्याच श्रीरामपूरला (सेरामपूर) गेला, 1801 मध्ये बंगाली नवा करार छापून झाला आणि 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं. इथपर्यंत सांगून लोक थांबतात. पण मुदनाबाटीलाच त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि पत्नी डॉरथीचं मन कायमचं ढळलं. हे सगळं नव्या करारासाठीच घडलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देव अशा ठिकाणी सोबत असतो आणि तिथूनही काम करतो, एवढं मी मनापासून मानते. प्रत्येक दुःखावर हेतूची चिठ्ठी चिकटवायची जबाबदारी आपली नाही. तुम्हीही तुमच्या एकटेपणाला उगाच गोड नाव देऊ नका. स्तोत्रांत रडायला भरपूर जागा आहे.

तिथल्या चर्चच्या मंडळीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण ‘इथे आपलं कुणी नाही’ हे बरोबर नाही. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी काम केलं. नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत आणि चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. उपासना पुण्यासारखी नसेल, ड्रम आणि प्रोजेक्टर नसेल. पहिले काही महिने पुढे जाऊन काही चालवायला घेऊ नका. मागे बसा, त्यांची गीतं शिका, जेवायला बोलावलं तर जा. तुमच्याजवळ द्यायला खूप आहे, पण आधी त्यांच्याकडून घ्या.

राहिली बदलीची प्रार्थना. तो अविश्वास मुळीच नाही. चेहरे बघणारा तोच योसेफ त्या दोघांपैकी एकाला, सुटणार असलेल्या फारोच्या प्यालेबरदाराला, म्हणतो की माझी आठवण ठेव, फारोला सांग आणि मला इथून बाहेर काढ. प्यालेबरदार विसरला आणि पुरी दोन वर्षं गेली, ते वेगळं. पौलही करिंथकरांना लिहितो की दास असताना देवाचं पाचारण झालं असेल तर त्याची चिंता करू नका, पण मोकळं होता येत असेल तर अवश्य व्हा. तेव्हा बदलीचा अर्ज रीतसर भरा, आईवडिलांच्या तब्येतीचं वगैरे जे खरं कारण असेल तेच लिहा आणि त्यासाठी रोज प्रार्थनाही करा. अर्ज मंजूर होईपर्यंत सकाळी दहाला खिडकी उघडायचीच आहे. आणि बदली झालीच तर चार्ज देताना चाव्या आणि रजिस्टरांबरोबर नव्या माणसाला हेही सांगा की कुणाची करंगळी चालते आणि कुणासाठी खुर्चीवरून उठावं लागतं.