दीड वर्ष भारतात राहिलं तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड जातं का?

आईच्या आजारपणासाठी दीड वर्ष पुण्यात राहायचं म्हणताय, तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर ग्रीन कार्डावर परत शिरण्याच्या परवान्याचा, अर्ज कराच. फॉर्म आय-१३१. अर्ज भरताना तुम्ही अमेरिकेत हजर असायलाच हवं. पुण्यात पोचल्यावर सुचलं तर उपयोग नाही. बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, तेही अमेरिकेतच, म्हणून तिकीट काढताना थोडी सवड ठेवा. परमिट साधारण २ वर्षांचं मिळतं आणि ते मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मागवता येतं.

परमिट नसेल आणि सलग वर्षभराहून जास्त बाहेर राहिलात, तर परत शिरायला नुसतं कार्ड चालत नाही.

"दर ५ महिन्यांनी एक चक्कर मारली की झालं" हा सल्ला सगळे काका-मामा देतात. त्यावर विसंबू नका. माझ्या मावसभावाने तेच केलं. तिसऱ्या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सरळ विचारलं, "तुम्ही राहता नक्की कुठे?" बिचाऱ्याकडे ना भाडेकरार, ना चालू बँक खातं. त्यामुळे घर किंवा निदान पत्ता, खातं, लायसन्स चालू ठेवा, आईचे हॉस्पिटलचे कागद जवळ बाळगा. टॅक्स रिटर्न दरवर्षी भरा, आणि तेही रहिवासी म्हणूनच. स्वतःला अनिवासी दाखवलंत तर आपल्याच हाताने पुरावा दिल्यासारखं होतं.

परतताना विमानतळावर कोणी आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर घाईत सही करू नका. त्या सहीने कार्ड आपणहून सोडलं असं होतं. न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

नागरिकत्वाचा हिशोब मात्र वेगळा. वर्षभर बाहेर राहिलात की त्यासाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटतं, परमिट असलं तरी.