आकड्याच्या आधी अटी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पत्राची पहिली दोन पाने औषध आणि अन्न यांपैकी कोणते क्षेत्र निवडावे याविषयी आहेत आणि शेवटच्या चार ओळी मोजमापाविषयी. मी उत्तर मुख्यतः त्या चार ओळींना देणार आहे. ॲस्पॅराजिनेज या एन्झाइमची, म्हणजे अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची, बाटली तीच, उपकरण तेच, हातही तुझेच; तरी एका महिन्यात क्रियाशीलतेचा एक आकडा मिळाला, पुढच्या महिन्यात त्याच्या जवळजवळ निम्मा, आणि उत्पादकाच्या पत्रकावर तिसराच छापलेला. यावरून तू असा निष्कर्ष काढलास की प्रयोगशाळेत काम करण्याची तुझी पात्रताच नाही. मला तो मान्य नाही, कारण या तीन आकड्यांपैकी एकाही आकड्यासोबत तू तापमान, सामू (pH), बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) किंवा सबस्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाची, संहती लिहिलेली नाही. ज्यांच्या अटीच माहीत नाहीत असे आकडे परस्परांशी जुळतात की नाही, हे ठरवायचे तरी कसे? आकड्याच्या आधी अटी लिहाव्यात. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल. कंटाळा आला तरी वाच.

एका मिनिटात एक मायक्रोमोल सबस्ट्रेटचे रूपांतर करणारी एन्झाइमची मात्रा म्हणजे एक एकक, ही व्याख्या तुला पाठ असेल. त्या व्याख्येला 'ठरवून दिलेल्या परिस्थितीत' असे शेपूट आहे आणि पाठांतरात नेमके तेच गळते. टेबलाची लांबी मोजली तर ती टेबलाची असते. एन्झाइमची एकके मात्र बाटलीच्या मालकीची नसतात. त्या बाटलीतील प्रथिनाला अमुक तापमानावर, अमुक बफरात, अमुक इतके ॲस्पॅराजिन दिल्यावर जे घडले त्याचा तो हिशेब असतो. उत्पादकाने ३७ अंशांवर आणि सामू ८.६ ठेवून मोजले असेल, तू २५ अंशांवर आणि सामू ७ ठेवून मोजले असशील, तर आकडे वेगळे येणे ही तुझी चूक नव्हे. तसे असताना ते तंतोतंत जुळले असते तर मी अधिक काळजीत पडलो असतो.

तुझ्या एन्झाइमच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलेलो असल्यामुळे सविस्तर सांगतो. ॲस्पॅराजिनेज ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लापासून ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया तयार करते, आणि आपण बहुधा अमोनियाच मोजतो. तू अमोनियाशी रंग देणारे नेसलरचे द्रावण वापरतेस की ग्लुटामेट डिहायड्रोजनेज हे दुसरे एन्झाइम जोडून, अमोनियासोबत खर्च होणाऱ्या एनएडीएच या सहघटकाचे घटणे ३४० नॅनोमीटरवर पाहतेस, हे पत्रात नाही. जोडलेली पद्धत असेल तर दोन गोष्टी तपास. जोडीच्या एन्झाइमची मात्रा दुप्पट केल्यावर वेग बदलतो का? बदलत असेल तर तू ॲस्पॅराजिनेज मोजतच नव्हतीस, त्याच्या मदतनिसाला मोजत होतीस. दुसरे असे, की पुष्कळ एन्झाइमे अमोनियम सल्फेटमधील निलंबनाच्या रूपात विकली जातात. अमोनिया मोजण्याच्या प्रयोगात आपणच अमोनिया ओतायचा आणि मग तुलनेसाठी ठेवलेल्या कोऱ्या नळीचे वाचन इतके चढले कसे म्हणून पाण्याला दोष द्यायचा, हा उद्योग मी एक पूर्ण पावसाळा केला आहे. बाटलीवर काय लिहिले आहे ते त्या काळात मी एकदाही वाचले नाही. आकडा तेवढा वाचला.

आता तुझ्या पहिल्या दोन पानांकडे येतो, कारण त्यांचे उत्तरही याच एन्झाइमच्या इतिहासात आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसले की गिनीपिगच्या रक्तजलाने उंदरांतील काही लिम्फोमा (लसिकापेशींचे कर्करोग) मागे हटतात. हे काम रक्तजलातील ॲस्पॅराजिनेज करते, ही गोष्ट जॉन ब्रूम यांनी १९६१ मध्ये पुढे आणली. पुढे ई. कोलाय या जीवाणूपासून हे एन्झाइम मोठ्या प्रमाणात मिळू लागले आणि बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांत त्याला कायमचे स्थान मिळाले. मात्र ई. कोलायमध्ये ॲस्पॅराजिनेज एक नाही, दोन आहेत. दोघांची अभिक्रिया तीच आणि दोघांचे नावही तेच. तरी कर्करोगावर उपयोग होतो तो एकाचाच, आणि याचे उत्तर मिखाएलिस स्थिरांकात, म्हणजे निम्मा कमाल वेग गाठायला लागणाऱ्या सबस्ट्रेटच्या संहतीत आहे. उपयोगी एन्झाइमचा हा स्थिरांक दहा-वीस मायक्रोमोलर इतकाच आहे, तर दुसऱ्याचा मिलिमोलरच्या घरात जातो. माणसाच्या रक्तद्रवात ॲस्पॅराजिन असते सुमारे ५० मायक्रोमोलर. म्हणजे रक्तात पहिले एन्झाइम आपल्या क्षमतेचा बराच मोठा भाग वापरू शकते आणि दुसरे काही टक्क्यांवरच रेंगाळते. प्रयोगशाळेत मात्र आपण सोयीसाठी १० किंवा २० मिलिमोलर ॲस्पॅराजिन घालतो, आणि त्या सुबत्तेत दोघेही सारखेच कर्तबगार दिसतात. केवळ एककांचा आकडा पाहून औषध निवडले असते तर काय झाले असते, याचा विचार कर. म्हणून म्हणतो, आकड्याच्या आधी अटी.

तेच एन्झाइम अन्नपदार्थांकडे आले ते २००२ नंतर, जेव्हा स्वीडनमधील संशोधकांनी तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे रसायन असल्याचे दाखवले. मोकळे ॲस्पॅराजिन आणि ग्लुकोजसारख्या क्षपणक शर्करा यांची साधारण १२० अंशांच्या वर गाठ पडली की ते तयार होते. ॲस्पॅराजिन आधीच काढून टाकले तर ते घटते. येथे सबस्ट्रेटचा तुटवडा नाही, कारण बटाट्यात मोकळे ॲस्पॅराजिन भरपूर असते, आणि म्हणून रक्तात निर्णायक ठरलेला तो स्थिरांक येथे फारसा आड येत नाही. येथील अडचण अशी, की बटाट्याच्या कापात एन्झाइमचा मोठा रेणू पेशीभित्तीपलीकडे सहज शिरत नाही, मळलेल्या कणकेत हालचालीला पाणी कमी पडते, आणि भट्टीत गेल्यावर एन्झाइमच्या हाती फार थोडा वेळ उरतो. तुझे मार्गदर्शक म्हणतात की औषधाच्या कामाला प्रतिष्ठा अधिक आहे. असेल. परंतु हे काम सोपे आहे असे त्यांनी सुचवले असेल, तर त्यांना एकदा बटाट्याच्या कापाच्या मध्यभागाचे ॲस्पॅराजिन मोजायला सांग.

या दोन क्षेत्रांमधील भिंत तशीही फार जुनी नाही. सामूची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली ती एन्झाइमांचा अभ्यास करतानाच, आणि ती प्रयोगशाळा होती कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीची. चार वर्षांनी लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटन यांनी सुक्रोज फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर आपले प्रसिद्ध काम केले, ते बर्लिनमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. बीअरवाल्यांनी दिलेली मोजपट्टी रुग्णालयाने वापरली. एन्झाइमचा वेग आणि सबस्ट्रेटची संहती यांचे नाते सांगणारे मूलतः तेच समीकरण व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्येच मांडले होते, तरी आज आपण नाव घेतो ते मिखाएलिस आणि मेंटन यांचे. मला हा अन्याय वाटत नाही. आंरी यांनी सामू सांभाळला नव्हता आणि नव्याने सुटलेल्या ग्लुकोजचे प्रकाशीय वलन (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळवण्याचे प्रमाण, ज्यावरून अभिक्रिया मोजत) स्थिरावण्यास वेळ लागतो हे हिशेबात घेतले नव्हते. या दोघांनी बफर वापरले, वलनाची काळजी घेतली आणि सुरुवातीचा वेग मोजला. समीकरण आधीच होते, अटी नंतर आल्या, आणि अटी आल्यावरच समीकरणावर विश्वास बसला.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, ते आता लिहायलाच हवे. तिशीत असताना मी काही वनस्पतींच्या अर्कांनी अल्फा-ग्लुकोसायडेज रोखले जाते का, हे तपासत होतो. मधुमेहात जेवणानंतरची शर्करा सावकाश चढावी यासाठी हे एन्झाइम रोखणारी औषधे वापरतात, त्यामुळे विषय आकर्षक होता. एन्झाइमने सबस्ट्रेट तोडले की पॅरा-नायट्रोफेनॉल सुटते, त्याचा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर दिसतो, आणि रंग जितका कमी तितका अवरोध अधिक, असा आमचा हिशेब होता. एका अर्काने रंग निम्म्याहून खाली आणला. आम्ही शोधनिबंध लिहिला, तो छापून आला, आणि त्यातील सक्रिय घटक वेगळा करण्याचे काम मी एका विद्यार्थ्याला दिले. त्याने दोन वर्षे तो घटक शोधला. घटक नव्हताच. अर्क आंबट होता, आमचे बफर अवघे १० मिलिमोलर होते, आणि अर्क मिसळल्यावर सामू ६.८ वरून ६.३ वर घसरत होता. पॅरा-नायट्रोफेनॉल पिवळे दिसते ते त्याच्या आयनरूपात, ६.८ ला त्याचा साधारण ३१ टक्के भाग त्या रूपात असतो आणि ६.३ ला जेमतेम १२ टक्के. एन्झाइमने आपले काम थांबवलेच असेल तर थोडेफार. मुख्यतः रंगच नाहीसा झाला होता.

तू म्हणशील, बफर आणि सामू तर तुम्ही निबंधात लिहिला असेलच. लिहिला होता, आणि माझी खरी चूक तेथेच आहे. लिहिलेला सामू बफर तयार करतानाचा होता, क्युव्हेटमधला, म्हणजे जिच्यात वाचन घेतो त्या पारदर्शक नळीतला नव्हता. अटी लिहायच्या त्या अभिक्रिया जेथे घडते तेथील. साठवणीच्या बाटलीतील किंवा पाणीकुंडाच्या तबकडीवरील नव्हेत. माझ्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की तेवढे क्षीण बफर त्या काळी अनेकजण वापरत असत, आणि सोडियम कार्बोनेट घालून अभिक्रिया थांबवून एकच वाचन घेण्यापेक्षा वेग सलग पाहणे चांगले, ही आमची शिकवण मुळात चूक नव्हती. सोडियम कार्बोनेटच्या जुन्या पद्धतीने मात्र मी वाचलो असतो, कारण त्या अल्कधर्मी द्रावणात सगळे पॅरा-नायट्रोफेनॉल पिवळे होते. चांगली पद्धत निवडून चुकलो, ही गोष्ट आजही थोडी लागते. शोधनिबंधाच्या दुरुस्तीचे चार परिच्छेद मी लिहून ठेवले होते. ते नियतकालिक तोवर बंद पडले, ही सबब मी वीस वर्षे वापरली. दुसरीकडे पाठवता आले असते. त्या विद्यार्थ्याने पुढे संशोधन सोडले. त्याची इतर कारणेही होती, असे मी स्वतःला सांगतो.

त्यामुळे तुझा निम्मा झालेला आकडा वाचताना मला तुझी दया आली नाही; हायसे वाटले. तू दोनदा मोजलेस आणि दोन्ही आकडे लपवले नाहीस. मी एकदाच मोजले होते.

औषधाकडे वळलीस तर अटींची ही किचकट बाजू संपेल, अशी आशा बाळगू नकोस. ॲस्पॅराजिनेज घेणाऱ्या रुग्णाचे रक्त काढले की एन्झाइम नळीतही ॲस्पॅराजिन तोडत राहते. नमुना तत्काळ हाताळला नाही तर शरीरात ॲस्पॅराजिन उरलेच नाही असे खोटे समाधान मिळते. म्हणून उपचारावर लक्ष ठेवताना बहुधा एन्झाइमचीच क्रियाशीलता मोजतात आणि पुढच्या मात्रेपूर्वी ती मिलिलिटरमागे निदान ०.१ एकक असावी असे पाहतात. रक्तशर्करेच्या पट्ट्यांचे उदाहरण याहून कठोर आहे. काही पट्ट्यांत वापरलेले ग्लुकोज डिहायड्रोजनेज पीक्यूक्यू या सहघटकावर चालणारे होते आणि ते माल्टोज या दुसऱ्या शर्करेलाही प्रतिसाद देत असे. उदरपोकळीच्या डायलिसिससाठी आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण वापरणाऱ्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज तयार होते. पट्टीने नसलेले ग्लुकोज दाखवले, त्यावर इन्सुलिन दिले गेले, आणि त्यात रुग्ण दगावले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याविषयी जाहीर इशारा दिला. पट्टी निरोगी रक्तावर अचूक होती. ज्या रक्तावर ती वापरली गेली, त्याच्या अटी वेगळ्या होत्या.

अन्नशास्त्रातही हे शहाणपण आपोआप आलेले नाही. पचनाची नक्कल नळीत करणारे गट इतकी वर्षे पेप्सिन आणि ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमांची वेगवेगळी एकके, वेगवेगळे सामू आणि वेगवेगळे कालावधी वापरत होते, की एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावणे अशक्य झाले होते. इन्फोजेस्ट या नावाने ओळखली जाणारी समाईक पद्धत २०१४ मध्ये आली. तिच्यात जठराच्या टप्प्यासाठी सामू ३ आणि मिलिलिटरमागे पेप्सिनची २००० एकके असे स्पष्ट ठरवले आहे, आणि ती एकके कोणत्या सबस्ट्रेटवर, कशी मोजायची हेही सोबत सांगितले आहे. मला या पद्धतीतील हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

क्षेत्र कोणते घ्यावे, याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण आज तू ते आकड्यांना घाबरून विचारते आहेस. आधी एक आठवडा दे. त्याच बाटलीतील एन्झाइम दोन संहतींवर मोज, एकदा ५० मायक्रोमोलर ॲस्पॅराजिन देऊन आणि एकदा १० मिलिमोलर देऊन. कमी संहतीला सबस्ट्रेट लवकर संपते, तेव्हा एन्झाइम पुरेसे पातळ कर आणि सुरुवातीचा सरळ भागच धर. सामू अभिक्रियेनंतर क्युव्हेटमध्ये तपास. तापमापीही तेथेच बुडव. पाणीकुंडावर ३७ लिहिलेले असताना क्युव्हेटमध्ये दोन-तीन अंश कमी निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. ग्लुटामिन हे दुसरे अमिनो आम्ल देऊनही एकदा वेग पाहा, कारण या एन्झाइमचा तो दुसरा उद्योग आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किती, यावर अजून वाद चालू आहे. या मोजमापांत तुला रक्ताचा विचार करताना अधिक रस वाटतो की बटाट्याचा, ते तुझे तुलाच कळेल.

प्रयोगवहीची पाने मला पाठव, आणि सोबत उत्पादकाच्या पत्रकाची प्रतही. त्यात तळाशी बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी छापलेल्या असतील, त्या नीट वाचता येतील अशी प्रत काढ. आकडा झाकला गेला तरी चालेल.

तुझा,
एक जुना मोजणारा