आंघोळीच्या रॉडने बिअरचं पाणी?

प्रश्न : मुलगा घरी बिअर करून बघायची म्हणतो. जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मागवून झालंय. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो म्हणून २० लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात आंघोळीच्या १५०० वॉटच्या रॉडने उकळू का, असं विचारतोय.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि विनापरवाना मद्य तयार करणं गुन्हा आहे. आपल्याभोवती एवढ्या वायनरी दिसतात, पण त्यांच्याकडे परवाने असतात. चिरंजीवांना आधी राज्य उत्पादन शुल्क विभागात पाठवा.

आता रॉड. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. २० लिटर तिथवर न्यायला सुमारे १.७ युनिट वीज लागते. कागदावर ७० मिनिटं होतात, पण पातेल्यातून उष्णता जातेच, तेव्हा दीड तास धरा. एवढा वेळ वाफ रॉडच्या मुठीत शिरणं मला पसंत नाही. तिथेच वायरी जोडलेल्या असतात. त्यापेक्षा पाणी ७० अंशांपर्यंत रॉडने तापवा (पाऊण-एक तास) आणि उकळी गॅसवर आणा. निम्म्याहून जास्त गॅस वाचतो.

माल्ट भिजवून काढलेल्या गोड पाण्यात मात्र रॉड अजिबात घालू नका. साखर त्यावर करपते, थर धरतो, चव जळकी होते आणि थराखाली नळी जास्त तापून फुटू शकते. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचाही पांढरा थर बसतो. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढा, सुरीने खरवडू नका.

१५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपियर. मिक्सरच्या ६ अँपियरच्या सॉकेटला लावाल तर प्लग तापून वितळू शकतो. १६ अँपियरचाच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. स्टीलचं पातेलं आहे म्हणून अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. रॉड गळका निघाला तर अख्खं पातेलं करंट मारेल. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवल्याशिवाय हा खटाटोप सुरूच करू नका. रॉडवरच्या खुणेइतकं पाणी भरून मगच बटण दाबा, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

आणि आंघोळीचा जुना रॉड यासाठी नकोच. त्याचा मुलामा बहुधा उडालेला असतो, आतलं तांबं उघडं पडतं. स्टेनलेस स्टीलचा नवा घ्या.