आरसी हेलिकॉप्टर दुसऱ्याच दिवशी पडलं. दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की 450 आकाराचं, रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलं, दुसऱ्याच दिवशी शेतात उतरवताना ते आडवं झालं, दोन्ही मेन ब्लेडं तुटली, टेल बूम (शेपटीची नळी) वाकला, मेन गिअरचे दात गेले आणि एक सर्वो (भाग हलवणारी छोटी मोटर) कटकट वाजतोय. आता दुरुस्त करावं की नवीन घ्यावं, आणि पडलं तरी न मोडणारं हेलिकॉप्टर मिळतं का, हे तुम्हाला हवंय.

दुरुस्तच करा. मोटर, स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा), जायरो (शेपटी स्थिर ठेवणारा), रिसीव्हर आणि उरलेले सर्वो चांगले असतील तर तुमचा बहुतेक पैसा अजून शाबूत आहे. जे तुटलंय ते तुटण्यासाठीच असतं. फक्त दिसतंय तेवढंच बदलून लगेच उडवू नका. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो आणि बरीच वर्षं हेलिकॉप्टरं उडवतोय. माझ्या हातून दुसऱ्यांदा पडलेली हेलिकॉप्टरं बहुतेक वेळा पहिल्या पडण्यात वाकलेल्या आणि नजरेतून सुटलेल्या भागामुळेच पडली.

आधी नेमकं काय मोडतं ते समजून घ्या. 450 च्या रोटरचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर असतो आणि तो मिनिटाला 2700 च्या आसपास फेरे घेतो. हिशोब केला तर ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या वर जातो. हेलिकॉप्टरचं वजन किलोभरसुद्धा नसतं, त्यामुळे नुसतं पाच-सात फुटांवरून पडून त्याचं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते फिरणारं ब्लेड जमिनीला अडकल्यामुळे. त्या फिरण्यातली सगळी ताकद मग ब्लेडमधून स्पिंडल नावाच्या आडव्या दांडीत, तिथून मेन शाफ्टमध्ये म्हणजे रोटरच्या उभ्या दांडीत आणि पुढे गिअरमध्ये उतरते. फेरे निम्मे झाले तर ही ताकद पाव होते.

म्हणून थ्रॉटल होल्डच्या, म्हणजे मोटर बंद करणाऱ्या बटणाची सवय बोटाला आधी लावा. आता हेलिकॉप्टर सावरत नाही असं वाटलं की होल्ड दाबायचा, मग ते कसंही पडो. तुमच्या गिअरचे दात गेलेत, यावरून जमिनीला लागलं तेव्हा मोटर बहुतेक चालूच होती. रोटर अडकलेला आणि मोटर जोर लावतेय, अशा वेळी गिअर तर जातोच, वर स्पीड कंट्रोलर जळायचीही भीती असते. मी घरी बॅटरी न लावता रिमोट हातात धरून नुसतं होल्ड दाबायचा सराव केलाय, रोज संध्याकाळी दहा-दहा मिनिटं.

आता स्पिंडल. ब्लेडं धरणाऱ्या दोन्ही ग्रिपांच्या मधून आडवी जाते ती ही दांडी. बाहेरून दिसत नाही, म्हणून नवीन माणूस ती तपासत नाही. दोन्ही टोकांचे बोल्ट काढा, दांडी बाहेर घ्या, कापडाने ग्रीस पुसा आणि जाड काचेवर ठेवून बोटाने हळू लोटा. कपाटाच्या आरशाची काचही चालेल. नजर काचेच्या पातळीला आणा आणि समोर खिडकीचा उजेड ठेवा. दांडी सरळ असेल तर खालून उजेडाची रेघ दिसणार नाही. वाकलेली असेल तर फिरताना मधोमध उजेडाची बारीक फट उघडते, मिटते, परत उघडते. केसाएवढी फट दिसली तरी दांडी टाकून द्या. ठोकून सरळ करू नका. मेन शाफ्टही असाच बघा. जोरात पडल्यावर मी स्पिंडल न तपासता बदलूनच टाकतो.

एकदा सुटे भाग यायला वेळ लागत होता, तेव्हा मी ओळखीच्या लेथवाल्याकडून ब्राइट बारची स्पिंडल करून घेतली. माप चोख होतं, डायल गेजची सुई हलत नव्हती. पण कंपनीची दांडी कडक केलेल्या पोलादाची असते, ही मऊ होती. तिसऱ्या उड्डाणात एरवी फक्त गवत उपटलं असतं अशा हलक्या टेकण्याने ती वाकली आणि ग्रिपमधली दोन्ही थ्रस्ट बेअरिंग घेऊन गेली. सोलापुरात लेथवर हवं ते करून मिळतं, तरी हा एक भाग विकतच घ्या. नवीन बसवताना थ्रस्ट बेअरिंगच्या दोन चकत्या मापून बघा. मोठ्या भोकाची चकती आत हबकडे, लहान भोकाची बाहेर बोल्टकडे. उलट बसवली तर बेअरिंग थोड्याच वेळात खराब होतं.

बाकीचं भराभर सांगतो. बूम सरळ करायचा नाही, नवीनच टाकायचा. शेपटीला पट्टा असेल तर त्याचे दात बघा. पट्टा धक्का सोसतो, पट्ट्याऐवजी टॉर्क ट्यूब (फिरणारी दांडी) असेल तर तिचे गिअर मात्र तुटतात. सर्वोचा आर्म हाताने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, जिथे कट लागेल तिथे दात गेलाय. बहुतेक सर्वोंचा फक्त गिअर सेट मिळतो, अख्खा सर्वो टाकायची गरज नाही. सगळ्या वायरी कार्बन फ्रेमच्या कडेला घासल्यात का ते जरूर बघा. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे वायरीचं कव्हर कापलं गेलं तर हवेत सर्वो अचानक झटके द्यायला लागतात.

मेन गिअर बसवताना वहीच्या कागदाची पट्टी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि गिअरच्या मध्ये घाला, मोटर हलकेच दाबून धरा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर घड्या पडायला हव्यात, ती कापली जाता कामा नये. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला आधी तेल पुसून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला अजिबात नको.

ब्लेडला चीर दिसली की ते कचऱ्यात, फेव्हिक्विक लावून कधीही उडवू नका. निसटलेलं ब्लेड माणसाचा डोळा फोडू शकतं. शिकताना कार्बनची ब्लेडं घेऊच नका. लाकडी स्वतः तुटतात आणि धक्का पुढे कमी जाऊ देतात. हेच धातूच्या रोटर हेडबद्दल. मजबूत म्हणून लोक घेतात, पण प्लास्टिकची लिंक किंवा ग्रिप घरातल्या फ्यूजसारखी आधी जाते आणि महागाचा भाग वाचवते. तुम्ही विचारलेला टिकाऊपणा मला इथेच दिसतो.

न मोडणारं हेलिकॉप्टर म्हणाल तर दोन रोटर एकावर एक असलेलं छोटं को-ॲक्सियल बऱ्यापैकी सोसतं, पण वारा आला की वाहून जातं. तळहाताएवढी हेलिकॉप्टरंही टिकतात, कारण लांबी निम्मी केली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं. 450 दुरुस्त होईपर्यंत असं एखादं घरात उडवा आणि संगणकावर सिम्युलेटर वापरा.

शेतात पडलं म्हणालात, ते रान ज्वारी काढलेलं होतं का? आपल्याकडे ज्वारी निघाली की रान मोकळं दिसतं, पण धसकटं तशीच उभी असतात. उतरताना स्किडचं (खालच्या पायांचं) एक टोक धसकटात अडकलं आणि तुम्ही रिमोटची काठी थोडी जरी बाजूला नेली की हेलिकॉप्टर त्या टोकाभोवती कलंडतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, ढेकळं दगडासारखी होतात, तिथेही तेच. मी शिकलो ते मित्राच्या खळ्यावर. सारवलेली सपाट जमीन, स्किड घसरायला मोकळा. स्किडला आडव्या दोन काठ्या बांधून टोकांना पिंगपाँगचे चेंडू लावा, त्याने कलंडणं बरंच थांबतं. होटगी रोडच्या विमानतळाच्या बाजूला जाऊ नका, सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा आधी बघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर तर मुळीच नको, जागा कितीही मोकळी दिसली तरी.

बॅटरीचं विसरू नका. पडल्यावर ती लगेच काढून उघड्या फरशीवर, घरापासून लांब, निदान अर्धा तास ठेवायची. फुगली असेल किंवा कोपरा दबला असेल तर पुन्हा चार्ज करायची नाही. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत ही लायपो बॅटरी ठेवणं म्हणजे आगीशी खेळ.

सगळं जोडून झालं की आधी ब्लेडं न लावता सर्वोंच्या दिशा तपासा. मग ब्लेडं लावून दहा मीटर लांब उभे राहा, लहान मुलांना मागे ठेवा आणि फेरे हळू वाढवत शेपटीच्या उभ्या पंखाकडे बघा. त्याची कड स्पष्ट दिसली तर ठीक. धूसर दिसली तर कुठेतरी अजून वाक आहे, तेव्हा उडवू नका, परत स्पिंडलपासून सुरुवात करा.

सुटे भाग मागवताना दोन स्पिंडल, एक मेन शाफ्ट, एक बूम, दोन मेन गिअर आणि लाकडी ब्लेडांचे दोन जोड एकदमच मागवा. मला ते पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात आणि एका दांडीसाठी आठवडा जातो. कटकटणारा सर्वो कोणत्या मापाचा आहे आणि काचेवर दांडी कशी फिरली ते इथेच खाली लिहा, मी बघतो.