हातोडा पडण्याआधीचं काम

नाशिक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. जिनिव्हाच्या लिलावाचा कॅटलॉग मिळाला. तू खुणा केलेली तिन्ही घड्याळं मोठ्या नावांची आहेत, पण तू नावं पाहिलीस, डायल पाहिल्या नाहीस. त्यातल्या दोन डायलवर नंतर कुणीतरी रंग दिलेला आहे. जुन्या मनगटी घड्याळाची किंमत सगळ्यात जास्त डायलमध्ये असते. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, चावी मिळते. मूळ छपाई एकदा पुसली की ती परत आणता येत नाही.

रोलेक्सच्या ६२३९ क्रमांकाच्या डेटोना मॉडेलचंच बघ. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कला अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं ६२३९ १,७७,५२,५०० डॉलरला गेलं. त्या किमतीत त्याच्या नावाचा वाटा मोठा होता, हे खरं. पण इतर कुणाचंही ६२३९ घेतलं तरी ‘पॉल न्यूमन’ नावानेच ओळखल्या जाणाऱ्या त्या विशिष्ट डायलच्या आणि साध्या डायलच्या घड्याळात काही पटींचा फरक पडतो, आणि दोन्हींत मशीन तेच असतं. साहजिकच त्या डायलच्या नकलाही भरपूर झाल्या.

डायल वाचायला शिकण्यासाठी परदेशी जायची गरज नाही. आपल्या मेन रोड परिसरात जुनी घड्याळं दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडे एचएमटी जनता, पायलट किंवा जुनं फेवर-लुबा येतं तेव्हा दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसत जा. मुंबईत रंगवलेल्या डायलची घड्याळं जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात, आणि ती आपल्याकडे सहज पाहायला मिळतात. अक्षरांची जाडी एकसारखी आहे का? मिनिटांच्या रेघा खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का? खाली सहाजवळचं ‘स्विस मेड’ कडेला कापलं गेलंय, की मुळातच नाही? सेकंदाच्या छोट्या डायलची खोलगट कड रंगाने बुजलीय का? अशी पन्नास डायल पाहून झाली, की कॅटलॉगमधला फोटो तुला वेगळा दिसू लागेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: कंपनीने सर्व्हिसिंगच्या वेळी बसवलेली नवी डायल खरी असली, तरी संग्राहक तिला मूळ डायलइतकी किंमत देत नाहीत.

पुढे डायलवरच्या, अंधारात चमकणाऱ्या रंगाकडे ये. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, नंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिशियम. ट्रिशियमची ताकद दर १२.३ वर्षांनी निम्मी होते. म्हणजे १९६८ च्या डायलमध्ये आज सोळाव्या हिश्श्याहूनही कमी उरलंय. ती अंधारात रात्रभर उजळत असेल, तर रंग नंतर भरलेला आहे. काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग सारखाच पिवळा पडलेला हवा. काटे पांढरेशुभ्र आणि ठिपके मधासारखे असतील तर काटे बदललेले आहेत, किंवा रंग तरी. रेडियमचं घड्याळ मात्र घरी उघडू नकोस. त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाते, आणि रेडियमची ताकद निम्मी व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, पाहताना पट्टा अडकवायच्या चार टोकांकडे, म्हणजे लगकडे, आधी बघ. कारखान्यातून आलेल्या लगला कडेची तिरपी कापणी धारदार असते. बफ मारून मारून ती गोल होते, चारही लग बारीक होतात आणि सोन्याच्या केसवरचे शिक्के पुसट होतात. १९९५ पर्यंतच्या स्विस १८ कॅरटच्या केसवर हेल्वेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, डोकं असतं, १४ कॅरटवर खार. १९९५ पासून त्यांची जागा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याने घेतली. १९५५ च्या म्हटलेल्या घड्याळावर कुत्रा दिसला, तर केस नंतरची आहे. झिजलेला आणि घासलेला धातू यांतला फरक डोळ्यांत बसवायचा असेल, तर अंजनेरीचं नाणे संग्रहालय आपल्या त्र्यंबक रस्त्यावर आहे. तिथे एक दुपार घालव. घड्याळ हातात आल्यावर सराफ बाजारात मशीनवर शुद्धता तपासता येते. १८ कॅरटला हजारात ७५० भाग सोनं यायला हवं.

कागदपत्रांवर फार विसंबू नकोस. पाटेक फिलिप आपल्या दप्तरातला उतारा देते, रोलेक्स देत नाही. उतारा खरा असला तरी तो फक्त सांगतो की अमुक नंबरचं घड्याळ अमुक वर्षी तयार झालं. आज तुझ्यासमोरच्या केसमध्ये तेच मूळ भाग आहेत हे तो सांगू शकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ओमेगाचं २९१५-१ स्पीडमास्टर ३१,१५,५०० फ्रँकला गेलं. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जोडून ते उभं केलं होतं, हे २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं, आणि आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात असल्याचंही. विकत घेणारं होतं कंपनीचं स्वतःचं संग्रहालय. तज्ज्ञांचं हे होतं, तर तू कागदाआधी घड्याळ तपासायलाच हवंस.

म्हणून लिलावाच्या निदान दोन आठवडे आधी लिलावगृहाकडून स्थिती-अहवाल माग. सोबत आतल्या झाकणाचा, मशीनचा, लगच्या बाजूचा आणि नंबरचा फोटो माग. बहुतेक जुन्या रोलेक्सचे नंबर लगच्या मध्ये, पट्ट्याखाली असतात. अहवालात ‘चालतंय’ एवढंच लिहिलं असेल तर पूर्ण चावी दिल्यावर अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, किती अंशांचा, ते विचार. २७० ते ३१० अंश उत्तम. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च आजच बजेटमध्ये धर. उत्तर टाळलं गेलं, तर तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, सोड.

आता पैसे. कॅटलॉगमधल्या अंदाजात खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं ते शुल्क, धरलेलं नसतं, आणि मोठ्या लिलावगृहांत ते हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतं. समज, १०,००० फ्रँकला हातोडा पडला. २६ टक्के प्रीमियम धरलं तर १२,६००, पाठवणी व विमा २००, झाले १२,८००. त्यावर २० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्याचा दहावा हिस्सा अधिभार, म्हणजे २,८१६. मग एकूण १५,६१६ वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. हिशेब १८,४२७ च्या घरात जातो. दर बदलत असतात, स्वित्झर्लंडशी झालेल्या करारामुळेही फरक पडेल, म्हणून कस्टम्स एजंटकडून त्या महिन्याचा दर घे. शिवाय आपल्या परदेश व्यापार धोरणात यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडला, तर वापरलेल्या वस्तू निर्बंधित गटात येतात. परवान्याशिवाय मागवलेलं जुनं घड्याळ विमानतळावरच अडकू शकतं. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल, तर वन्यजीव नियमांची वेगळी अडचण. तो काढूनच पाठवायला सांग.

हे सगळं पाहता पहिली एक-दोन खरेदी मुंबईच्या लिलावांतून कर, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे घड्याळ हातात घेऊन बघता येतं, आणि नाशिकहून सकाळी निघून रात्री परतता येतं.

बोलीचा आकडा आदल्या रात्री उलट्या हिशेबाने काढ: पदरात पडेपर्यंत जास्तीत जास्त किती द्यायचे, त्यातून कर, पाठवणी, प्रीमियम वजा करत मागे ये. तो आकडा लेखी बोली म्हणून आधीच दे. ऑनलाइन बसलास, तर ‘अजून एक पायरी’ म्हणत माणूस बोली वाढवत राहतो, आणि एकेक पायरी साधारण दहा टक्क्यांची असते. लॉट न विकला गेला तर दुसऱ्या दिवशी विचारणा कर. राखीव किंमत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत, कॅटलॉगमधल्या खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसते, त्यामुळे बोलायला जागा असते.

घड्याळ मिळाल्यावर गोदाकाठच्या पावसात घालून फिरू नकोस. जुन्या केसचं पाणीरोधक रबर कडक होऊन गेलेलं असतं, आणि आत शिरलेली वाफ आधी डायलच खाते. तुझ्या तीन लॉटपैकी फक्त तिसऱ्याचा अहवाल मागव आणि आला की फोटोंसह मला पाठव.

तुझा,
काका