कोअरमधले टेस्ट क्लास वेबला दिसत नाहीत

प्रश्न : आमच्या मेव्हन (जावा प्रकल्पांचा बिल्ड करणारे साधन) प्रकल्पात कोअर, सर्व्हिस आणि वेब अशी तीन मॉड्यूल्स आहेत. नमुना डेटा तयार करणारे क्लास कोअरच्या टेस्ट फोल्डरमध्ये आहेत, पण वेबच्या टेस्टमध्ये ते वापरले की कंपायलर अडतो. शिवाय टेस्ट लिहिण्याच्या जेयुनिट लायब्ररीच्या ५ व्या आवृत्तीवर आल्यापासून एकही टेस्ट चालत नाही, तरी बिल्ड यशस्वी दिसतो!

उत्तर : आधी दुसरे, कारण ते जास्त घातक आहे. जेयुनिट ५ चा थेट आधार मेव्हनच्या टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनमध्ये २.२२.० पासून आला. त्याआधीच्या आवृत्तीला तुमच्या टेस्ट ओळखताच येत नाहीत, म्हणून ती शून्य मोजून गप्प बसते. ३ मालिकेतली आवृत्ती पालक पॉमच्या (सगळ्या मॉड्यूल्सना लागू होणाऱ्या मेव्हन सेटिंग फाइलच्या) ‘प्लगइन मॅनेजमेंट’मध्ये एकदाच लिहा; प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळी नको. क्लासचे नाव ‘टेस्ट’ने संपते ना, तेही बघा.

आता पहिले. टेस्ट फोल्डरमधला कोड मॉड्यूलच्या नेहमीच्या जारमध्ये (कंपाइल केलेल्या कोडच्या फाइलमध्ये) जातच नाही. जार प्लगइनचे ‘टेस्ट-जार’ गोल (प्लगइनचे ठरावीक काम) लावून वेगळी जार काढता येते, आणि वेबमध्ये ती ‘टेस्ट-जार’ प्रकाराने, टेस्ट स्कोपमध्ये (म्हणजे फक्त टेस्टपुरती) घेता येते. मात्र कोअरची टेस्ट स्कोपमधली डिपेंडन्सी (तिला लागणारी लायब्ररी), समजा टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी मॉकिटो, तिच्यासोबत येत नाही. ती वेबमध्ये पुन्हा लिहावी लागते. त्यापेक्षा हे क्लास वेगळ्या मॉड्यूलच्या मेन फोल्डरमध्ये ठेवा आणि हव्या त्या मॉड्यूलमध्ये टेस्ट स्कोपने जोडा. फक्त त्या मॉड्यूलने कोअरवर अवलंबून राहायचे आणि कोअरनेही त्याच्यावर, असे केलेत तर मेव्हन चक्रीय संदर्भ म्हणून बिल्ड थांबवेल.