ली ॲरनची पहिली तबकडी : १९८२ ची प्रत, १९८४ ची प्रत आणि माझी ‘भेटवस्तू’

आपण लिहिले आहे की कॅनडाची रॉक गायिका ली ॲरन हिच्या ‘द ली ॲरन प्रोजेक्ट’ या पहिल्या अल्बमची पहिली आवृत्ती म्हणून कॅनडातून मागवलेल्या तबकडीवरील गाणी आपल्याजवळच्या यादीशी जुळत नाहीत, विक्रेता मात्र ‘तीच ही’ असे ठामपणे सांगतो आहे, आणि बदली प्रत हवीच असेल तर ती भेटवस्तू म्हणून, कमी किंमत दाखवून पाठवण्याची तयारी त्याने दर्शवली आहे. हे शेवटचे वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. याच तबकडीपायी मी याच शब्दाला भुललो होतो.

आधी आपली मूळ शंका. विक्रेता खोटे बोलत असेलच असे नाही. हा अल्बम १९८२ मध्ये फ्रीडम या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला आणि १९८४ मध्ये ॲटिक या कॅनडातीलच कंपनीने तो पुन्हा काढताना गाण्यांच्या यादीत थोडा फेरफार केला. म्हणजे दोन्ही प्रती ‘पहिल्या अल्बमच्या’च आहेत, पण दोन्ही एक नव्हेत. त्यातच १९८७ च्या अल्बमला गायिकेच्या नावाखेरीज दुसरे नावच नाही, त्यामुळे घाईने याद्या करणारे विक्रेते तिन्हींची सरमिसळ करतात. गंमत अशी की ‘ली ॲरन’ हे मुळात एका बँडचे नाव होते. ऑन्टारिओतील कॅरन ग्रीनिंग ही शाळकरी मुलगी त्या बँडमध्ये गाऊ लागली आणि लोक तिलाच त्या नावाने ओळखू लागले. शीर्षकातील ‘प्रोजेक्ट’ हा शब्दही मला तसा रास्तच वाटतो, कारण ट्रायम्फ, मॉक्सी, सँटर्स अशा निरनिराळ्या बँडमधील मुरलेली मंडळी विशीच्या उंबरठ्यावरच्या या मुलीच्या मदतीला आली होती.

मुखपृष्ठावर किंवा विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नका. लेबलाचे छायाचित्र मागवा आणि त्याबरोबर खाचा संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर कोरलेल्या अक्षरांचेही मागवा. कव्हर बदलता येते, आतली तबकडी दुसऱ्याच कव्हरात जाऊन बसते, परंतु ती कोरीव अक्षरे मात्र तबकडीला सोडून जात नाहीत. ज्याला हे छायाचित्र पाठवण्याचा कंटाळा येतो, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही.

आता माझी चूक. २०२२ च्या उन्हाळ्यात मी ही तबकडी मागवली, तेव्हा विक्रेत्याने पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत एक-पंचमांश दाखवू का, असे विचारले आणि मी शहाणपणा समजून होकार दिला. भेट म्हणून वस्तू शुल्कमाफीने येऊ देण्याची मुभा डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेण्यात आली होती आणि राख्या व जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद उरले होते, हे मला ठाऊक नव्हते. पार्सल अडले. सीमाशुल्क कार्यालयाचे पत्र मला तीन आठवड्यांनी मिळाले, त्यात पैसे भरल्याचा पुरावा मागितला होता, आणि माझ्या पावतीवर अर्थातच खरी रक्कम होती. मी चार वेळा तेथे गेलो. पहिल्या दिवशी ज्या खिडकीने अर्ज घेतला, तिने दुसऱ्या खेपेस असा अर्ज येथे घेतच नाहीत असे सांगितले. तिसऱ्या खेपेस संबंधित अधिकारी रजेवर होते. आणि या सगळ्या काळाचे साठवणुकीचे शुल्क मात्र माझ्याच नावावर चढत होते. चूक माझी होती हे मला मान्य आहे, परंतु चूक करणाऱ्याला नेमके कोणते कागद हवेत हे एकदाच, एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत असते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

शुल्क आणि दंड भरून पार्सल हाती आले, तेव्हा आत १९८४ ची प्रत होती, आणि मे महिन्याच्या उकाड्यात पडून राहिल्यामुळे ती ताटलीसारखी वाकलेली होती. मी भरपाई मागितली, तेव्हा विक्रेत्याने पार्सलवरील किमतीच्या घोषणापत्राकडे बोट दाखवले: त्यावरील किंमत जेवढी, तेवढीच भरपाई मिळणार, आणि ती किंमत माझ्याच संमतीने लिहिलेली होती. म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की खरी किंमत लिहू द्या, शुल्क भरा आणि जून ते सप्टेंबर शक्यतो काही मागवू नका, कारण आपल्याकडील पावसाळ्यात जुन्या पुठ्ठ्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. मी सीमाशुल्काचा जाणकार नाही आणि नियम बदलत राहतात, तेव्हा मागणी नोंदवण्यापूर्वी आजची स्थिती स्वतः पाहून घ्यावी.

एवढा खटाटोप करण्याजोगी ही तबकडी आहे का? माझे मत विचाराल तर आहे, पण सर्वांसाठी नाही. १९८४ च्या ‘मेटल क्वीन’ या अल्बमने ली ॲरनच्या हाती तलवार दिली आणि ती प्रतिमा तिला पुढे बरीच वर्षे चिकटून राहिली, पहिल्या तबकडीत मात्र गिटारच्या गदारोळातही ध्रुवपद घोळवून घोळवून गाण्याची तिची हौस उघडपणे ऐकू येते. आपल्याला पॉप-मेटल, म्हणजे गुणगुणता येतील अशा चालींचे मेटल संगीत, हवे असेल तर ते याहून सफाईदार स्वरूपात १९८५ च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये आहे. त्याची निर्मिती बॉब एझ्रिनने केली, ज्याच्या नावावर किस या बँडचा ‘डिस्ट्रॉयर’ आणि पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ही आहे. केवळ गाणी ऐकायची असतील, तर तो घ्या आणि हाती आलेली १९८४ ची प्रत चांगल्या स्थितीत असल्यास ठेवून द्या, असे मी म्हणेन. संग्राहक मित्रांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

आपल्या प्रतीच्या लेबलावर फ्रीडम लिहिले आहे की ॲटिक, एवढे आधी पाहून कळवा. ॲटिक असेल, तर विक्रेत्याशी आणखी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त किमतीतील फरक परत मागा.